शलगम मुळ्याच्या जागी, स्वीड भोपळ्याच्या जागी

स्कॉटलंडमध्ये शेतावरून थेट दारात येणारी भाजीची पेटी लावली की सप्टेंबर कौतुकात जातो. ऑक्टोबरात टोमॅटो आणि कोर्जेट (झुकिनी) संपतात आणि पुढे मार्चपर्यंत बहुतेक पेट्यांच्या तळाशी शलगम नाहीतर स्वीड बसलेला असतो. स्वीड म्हणजे अमेरिका-कॅनडात ज्याला रुटाबागा म्हणतात तो. हिवाळा आता संपला आहे. या दोन कंदांचं मराठी स्वयंपाकघरात काय करायचं, हे ज्यांना पुढच्या ऑक्टोबरात सुचणार नाही त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवत आहे.

सुरुवात नोंदणीपासून. पिनकोड टाकून आपल्या भागात गाडी येते का ते बघायचं, पेटीचा आकार निवडायचा (दोन-तीन माणसांना मध्यम पेटी पुरते, आम्हाला ती साधारण १७ पौंडांना पडायची), कार्डाची माहिती द्यायची. पैसे दर आठवड्याला आपोआप कापले जातात. एखादा आठवडा नको असेल तर दोन दिवस आधी दुपारपर्यंत कळवावं लागतं. नंतर कळवलं तर पेटी येते आणि पैसेही जातात. रिकामी पेटी पुढच्या खेपेला परत द्यायची असते. अर्जात ‘नको असलेल्या भाज्या’ असा एक रकाना असतो. तिथे स्वीड लिहून टाकायचा मोह होतो, पण त्याने फारसं साधत नाही. त्या जागी पार्सनिप, सेलेरियाक असा दुसरा कंदच येतो. त्यापेक्षा स्वीड कितीतरी बरा.

दुकानातून घेणार असाल तर पाटीवर विसंबू नका, कंद बघा. स्कॉटलंडमध्ये टर्निप म्हटलं की बऱ्याचदा पिवळ्या गराचा स्वीडच हातात पडतो. शलगम पांढरा, वरच्या बाजूने जांभळा, आतून पांढराशुभ्र. त्याची पानं थेट डोक्यातून फुटतात आणि हाताला खरखरीत, केसाळ लागतात. स्वीड मोठा, वरून तपकिरी-जांभळा, खालून पिवळसर. त्याला वर छोटी मान असते आणि मानेवर पानं गळाल्याच्या गोल खुणा. पानं निळसर आणि गुळगुळीत. सुट्टा स्वीड नगावर विकतात, साधारण पाऊण ते एक पौंडाला, तेव्हा ढिगातला जड नग निवडायचा. आकाराच्या मानाने हलका लागला तर आतून भेंडाळलेला निघतो. शलगम मात्र लहानच घ्यायचे, पाच ते सात सेंटीमीटर व्यासाचे. मोठ्या शलगमात दोरे असतात आणि ते कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत.

पहिले शलगम पाल्यासकट आले. पाला लगेच कापायचा, दोन सेंटीमीटर देठ ठेवून. लावून ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत शलगम रबरासारखा होतो. पाला फेकू नका. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी करतो तशीच ही होते, चवीला मोहरीच्या पानांकडे झुकणारी. २५० ग्रॅम पाला तीन पाण्यांत धुवायचा (माती देठाच्या बेचक्यात अडकते), बारीक चिरायचा. दीड टेबलस्पून तेलात मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. पाला घालून झाकण न ठेवता परतायचा, पाच मिनिटांत एक वाटी उरतो. मीठ या वेळी घालायचं, आधी नाही, कारण ढीग बघून घातलेलं मीठ वाटीभर भाजीला दुप्पट होतं. मग तीन टेबलस्पून बेसन भुरभुरवून, पाण्याचा हबका मारून, झाकून मंद आचेवर पाच मिनिटं.

कंदाकडे वळल्यावर पहिला आठवडा निराशेचा गेला, आणि त्याचं कारण बहुतेक घरांत तेच असतं: दोन्ही कंदांना बटाटा समजून वागवणं. बटाट्यात साधारण ७९ टक्के पाणी असतं, स्वीडमध्ये ८९ आणि शलगमात ९२. स्टार्च दोन्हींत नगण्य. त्यामुळे रस्सा दाट होत नाही, वड्याचं सारण बांधलं जात नाही आणि कुकरला एक शिट्टी झाली तरी शलगमाचा लगदा होतो. कुकरचा दुसरा तोटा वासाचा. हे दोन्ही कोबीच्या कुळातले. चिरल्यावर आणि शिजताना गंधकाची संयुगं सुटतात. बंद भांड्यात ती तिथेच कोंडतात, आणि जितका वेळ शिजवाल तितकी वाढतात. म्हणून पहिली पाच-सात मिनिटं झाकण उघडं, मग हवं तर झाकण, आणि शिजला की लगेच गॅस बंद. एवढं पाळलं तर ‘घरात कोबीचा वास कसला येतोय’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बटाटा डोक्यातून काढला की गोष्टी सोप्या होतात. शलगम तिथे वापरायचा जिथे आपण मुळा किंवा नवलकोल वापरतो. स्वीड तिथे वापरायचा जिथे लाल भोपळा वापरतो. या एका नियमावर आमचा सगळा हिवाळा निघाला.

म्हणजे शलगमाची कोशिंबीर. दोन शलगम (सोलून २५० ग्रॅम) किसायचे, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचे आणि पिळायचे. पिळलं नाही तर पाचच मिनिटांत दह्याचं ताक होतं. निघालेलं पाणी भाजणी भिजवायला वापरा, त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवून. पाऊण वाटी घट्ट दही, दोन टेबलस्पून दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, कोथिंबीर, वरून जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. किसून तासभर तसाच ठेवला तर त्याचा उग्रपणा वाढत जातो, म्हणून जेवायच्या अर्धा तास आधी किसावा. दही, कूट आणि फोडणीचं तेल हे तिन्ही मिळून तो उग्रपणा बसवतात. लिंबू पिळून केलेली बिनदह्याची कोशिंबीर मात्र फक्त अगदी कोवळ्या शलगमाची चांगली लागते.

आमटीतही शलगम छान जातो. दोन सेंटीमीटरच्या फोडी दहा-बारा मिनिटांत शिजतात, तेव्हा तूरडाळ वेगळी शिजवून घ्यायची, फोडणीत फोडी परतायच्या, पाणी घालून उघड्यावर उकळायच्या आणि सुरी सहज जाऊ लागली की डाळ घालायची. चिंच सगळ्यात शेवटी. आंबटपणा आधी घातला तर फोडी नुसत्या कडक राहतात, कितीही वेळ उकळा. हे स्वीडला तर जास्तच लागू आहे.

सोलण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्धा वैताग तिथेच आहे. लहान शलगमाची साल पातळ असते, सोलाण्याने निघते. मोठा शलगम आडवा कापला की सालीच्या आत दोन-तीन मिलिमीटरवर एक गोल रेघ दिसते. त्या रेघेच्या बाहेरचा भाग दोऱ्यांचा आणि कडवट, तेव्हा साल रेघेपर्यंत जाड काढायची. स्वीडला सोलाणं लावूच नये. आधी खालून एक चकती कापून सपाट बूड करायचं, बुडावर उभा ठेवायचा, जड सुरीने मधोमध दोन तुकडे करायचे, तुकडे सपाट बाजूवर पालथे घालून सुरीनेच वरून खाली साल उतरवायची. गोल स्वीडवर सुरी घसरते आणि ती बोटाकडेच घसरते. फारच टणक असला तर चार-पाच ठिकाणी काट्याने टोचून मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवायचा, सुरी मुकाट्याने जाते. अमेरिका-कॅनडातल्या वाचकांना आणखी एक काम असतं: तिथे रुटाबागा सुकू नये म्हणून त्यावर मेणाचा थर देतात. तो धुऊन निघत नाही, सालीबरोबरच काढायचा, आणि ती साल सारासाठी उकळायच्या फंदात पडायचं नाही.

कापल्यावर आत तपकिरी डाग दिसले तर घाबरू नये, पण बघावं. मध्यभागी तपकिरी, पाणचट पट्टा म्हणजे जमिनीत बोरॉन कमी पडलं. इथले शेतकरी त्याला ‘रान’ असं म्हणतात. तेवढा भाग चवीला वाईट लागतो, कापून टाकला की बाकीचा चालतो. कडेने वेडेवाकडे बोगदे म्हणजे कोबीच्या मुळांवरच्या माशीची अळी. तेही कापून काढायचे. पेटीतल्या सेंद्रिय कंदांत असे बोगदे अधूनमधून येतातच. शेताला फोटो पाठवला की पुढच्या बिलात काही पैसे वळते होतात, फक्त पेटी आल्यापासून ठरावीक मुदतीत पाठवावा लागतो. आम्ही ज्या शेताची पेटी घेत होतो तिथे ही मुदत दोन दिवसांची होती.

३१ ऑक्टोबरला इथे जुन्या रीतीप्रमाणे शलगम-स्वीड कोरून त्यात दिवा ठेवतात. हॅलोवीनचा लाल भोपळा अमेरिकेतला, स्कॉटलंड-आयर्लंडचा मूळ दिवा हाच. कोरायला भोपळ्याच्या कैकपट वेळ लागतो आणि मनगट दुखतं, पण निघालेला गर वाया घालवायचं कारण नाही. दोन वाट्या कोरीव तुकडे, दोन वाट्या भाजणी, कांदा, तीळ, ओवा, तिखट: मिक्सरमधून एकदा फिरवून थालीपीठं. पाणी वेगळं घालायची गरज पडत नाही.

नोव्हेंबरात स्वीड सुरू झाला. थंडी पडून गेल्यावरचा स्वीड जास्त गोड असतो, म्हणून पहिल्या पेटीतला आवडला नाही तरी डिसेंबरचा चाखून बघावा. भोपळ्यासारखी भाजी अशी: सोललेल्या ४०० ग्रॅम फोडी, दीड सेंटीमीटरच्या. दोन टेबलस्पून तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या. फोडी घालून पाच मिनिटं उघड्यावर परतायच्या, कडांना रंग आला पाहिजे. मग पाऊण वाटी गरम पाणी, मीठ, झाकण. भोपळा आठ मिनिटांत होतो, स्वीडला पंधरा ते अठरा लागतात. सुरी आरपार जाऊ लागली की एक चमचा गोडा मसाला, दोन आमसुलं, लिंबाएवढा नव्हे तर सुपारीएवढाच गूळ, कारण स्वीड स्वतःच गोड आहे. वर ओलं खोबरं. इथे फ्रोझन खवलेलं मिळतं, ते चालतं.

भरीत मात्र गॅसवर भाजून होत नाही. बाहेर कोळसा आणि आत कच्चा, असंच होतं. सातशे-आठशे ग्रॅमचा अख्खा स्वीड फॉइलमध्ये गुंडाळून १९० अंशांवर दीड ते दोन तास लागतात. एकट्या त्याच्यासाठी ओव्हन लावणं विजेच्या बिलाला परवडत नाही, तेव्हा ओव्हन दुसऱ्या कशासाठी लावला असेल त्या दिवशी खालच्या कप्प्यात ढकलून द्यायचा. घाईचा मार्ग म्हणजे फोडी करून दोन चमचे पाणी घालून, झाकून मायक्रोवेव्हमध्ये दहा-बारा मिनिटं. त्यात भाजल्याचा खमंगपणा येत नाही, तो फोडणीतल्या लसणीवर सोपवावा. कुस्करून दही, कूट, मिरची, मीठ. हे भरीत दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

ट्रेवर भाजायचा असेल तर २०० अंश, दोन सेंटीमीटरच्या फोडी, अर्धा किलोला दीड टेबलस्पून तेल. स्वीडला ४० ते ४५ मिनिटं, शलगमाला २५ ते ३०. दोन्ही एकाच ट्रेमध्ये हवेत तर शलगम पंधरा मिनिटांनी घालायचे. फोडी एकमेकांना चिकटवून दाटीने ठेवल्या तर सुटलेल्या पाण्यात त्या शिजतात, भाजत नाहीत. धणे-जिरे पूड आणि तिखट शेवटच्या दहा मिनिटांत, नाहीतर मसाला जळतो.

डिसेंबर लोणच्यांचा. ख्रिसमसच्या आधी सुपरमार्केटं स्वीड, गाजर, पार्सनिप यांच्या किमती एकमेकांच्या चढाओढीत खाली आणतात, तेव्हा पेटी नसलेल्यांनीही साठा करावा. लोणच्याला मात्र शलगमच. पंजाबात गोबी-गाजर-शलगमाचं लोणचं घरोघरी घालतात. दिल्लीत राहिलेल्या मराठी माणसाला ते ओळखीचं असेल. त्यातली खरी पायरी फोडी वाळवण्याची. उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून काढलेल्या फोडी आपल्याकडे अर्धा दिवस उन्हात टाकतात. एडिंबरात डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो आणि त्याआधीही दिसेलच असं नाही. त्यामुळे पंचावर पसरून रात्रभर गरम रेडिएटरजवळ, किंवा ओव्हन ६० अंशांवर ठेवून दार किंचित उघडं, दोन तास. पृष्ठभाग कोरडा आणि किंचित सुरकुतलेला दिसला की झालं. ओल राहिली तर आठवड्यात वर बुरशी येते.

दुसरी अडचण तेलाची. इथे भारतीय दुकानांतल्या मोहरीच्या तेलावर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं छापलेलं असतं, कारण त्यातल्या इरुसिक आम्लामुळे ते खाद्यतेल म्हणून विकायला परवानगी नाही. आम्ही स्थानिक रेपसीडचं (कॅनोलाचं) तेल वापरलं. गंमत अशी की रेपसीड आणि स्वीड ही एकाच जातीची दोन रूपं आहेत: एकाचं बी वापरतात, दुसऱ्याचा कंद. तेलात झणझणीतपणा नाही, म्हणून मोहरीची डाळ वाढवायची. ५०० ग्रॅम वाळवलेल्या फोडींना ४० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम मोहरीची डाळ, २५ ग्रॅम तिखट, एक चमचा हळद, अर्धा चमचा हिंग, अर्धी वाटी लिंबाचा रस. अर्धी वाटी तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून घालायचं. चौथ्या दिवसापासून खाता येतं. मीठ लोणच्याच्या मानाने कमी आहे, तेव्हा हे फ्रीजमध्येच ठेवायचं.

आखातात राहिलेल्यांना शवर्माबरोबर येणाऱ्या गुलाबी काड्या माहीत असतील. त्याही शलगमाच्याच, रंग बीटाचा. एक किलो शलगमाच्या बोटाएवढ्या काड्या, १०० ग्रॅम बीटाचे काप, ७५० मिलीलीटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून गार करून, २५० मिलीलीटर व्हिनेगर, दोन लसणी. काड्या पाण्याखाली बुडालेल्या राहिल्या पाहिजेत, त्यासाठी वर छोटी वाटी दाबून ठेवतात. आपल्याकडच्या हवेत पाच दिवस पुरे, इथल्या १७-१८ अंशांच्या स्वयंपाकघरात आठ-नऊ लागले. झाकण रोज एकदा सैल करावं. उघडल्यावर येणारा वास भयंकर असतो, चव मात्र मुळीच भयंकर नसते. पाहुणे यायच्या दिवशी बरणी उघडू नका एवढंच.

२५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. त्या रात्री हॅगिसबरोबर (मेंढीचं काळीज-फुफ्फुस आणि ओट यांचा इथला पदार्थ) कुस्करलेला स्वीड आणि बटाटा खातात. शाकाहारी हॅगिसही दुकानात मिळतं, कडधान्यं आणि ओटचं. कुस्करलेल्या स्वीडमध्ये सगळ्यांची एकच तक्रार असते, ताटात पाणी सुटतं. दोन सेंटीमीटरच्या फोडी मिठाच्या पाण्यात २० ते २५ मिनिटं उकळा, चाळणीत निथळा आणि मग रिकाम्या गरम पातेल्यात परत घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहा. वाफ निघायची थांबली की मगच कुस्करा. अर्ध्या किलोला ४० ग्रॅम लोणी, भरपूर मिरपूड, थोडं जायफळ. मराठी ताटात हेच लोण्याऐवजी तूप-जिऱ्याच्या फोडणीने वरणभाताशेजारी शोभतं. वड्यांचं सारण करायचं असेल तर असा कोरडा केलेला स्वीड अर्धा आणि बटाटा अर्धा. नुसत्या स्वीडचा वडा तेलात फुटतो.

एवढं करूनही घरातल्या एखाद्याला तो कडूच लागतो. त्याला नावं ठेवू नयेत. कोबीवर्गातला कडवटपणा किती जाणवतो हे चवीच्या एका जनुकावर अवलंबून असतं, आणि काहींना तो खरोखर जास्त लागतो. अशांसाठी फोडी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून ते पाणी ओतून द्यावं आणि मग भाजी करावी. गूळ वाढवण्यापेक्षा मीठ आणि स्निग्ध पदार्थ जास्त उपयोगी पडतात. थायरॉइडची औषधं चालू असतील तर कच्च्या कोशिंबिरीच्या प्रमाणाबद्दल डॉक्टरांना विचारावं. गोडाधोडात मात्र जपून. स्वीडचा कच्चा कीस थेट दुधात घातला तर कोबीचा वास दुधात मुरतो. फिनलंडमध्ये ख्रिसमसला स्वीड, साय, काकवीसारखा पाक आणि जायफळ घालून ओव्हनमध्ये एक पदार्थ करतात, पण तिथेही स्वीड आधी उकडून पाणी काढलेला असतो. हलवा करायचाच असेल तर तोच रस्ता.

फेब्रुवारीत पेटी आणि खाणारे यांचा मेळ बसेना. साठवणीचं असं आहे: शलगम सच्छिद्र पिशवीत फ्रीजच्या तळाशी दोन-तीन आठवडे, स्वीड सहज महिनाभर. बाहेर थंड, न गोठणारी शेड असेल तर ओलसर वाळूत पुरून स्वीड मार्चपर्यंत टिकतो. अर्धा कापलेला स्वीड ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस. फ्रीजरमध्ये कच्च्या फोडी टाकल्या तर सुटताना स्पंज होतात. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून, गार पाण्यात काढून, पुसून गोठवायच्या. कुस्करलेला स्वीड त्याहून चांगला गोठतो. मुठीएवढे गोळे करून ठेवले की थालीपिठाला आणि सूपला हाताशी येतात.

युरोपातली काही वयस्कर माणसं स्वीडचं नाव काढताच मान फिरवतात. १९१६ मध्ये जर्मनीत बटाट्याचं पीक बुडालं आणि १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी गुरांसाठी ठेवलेल्या स्वीडवर काढला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्येही तेच झालं. जेवायला बोलावताना हे ध्यानात असलेलं बरं.

मार्चमध्ये स्वीडच्या मानेतून कोंब फुटू लागतात. कोवळे कोंब पाल्यासारखे परतून खाता येतात, पण तोवर कंद लाकडासारखा होत चाललेला असतो. मधला भाग टाकून कडेचा गर किसून थालीपिठात वापरायचा. एप्रिल-मेमध्ये जुनं संपलेलं आणि नवं न आलेलं असतं, पेटीत बाहेरून आणलेली भाजी वाढते आणि किंमत तीच राहते. आम्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेटी थांबवली. थांबवताना ‘रद्द’ न करता ‘स्थगित’ हा पर्याय निवडायचा आणि पुन्हा सुरू करायची तारीख जूनची टाकायची, म्हणजे पिनकोडपासूनचा सगळा अर्ज परत भरावा लागत नाही. शेवटची रिकामी पेटी दाराबाहेर ठेवायला विसरू नका. ती परत गेली नाही तर तिचे पैसे कापतात.